चिंधाबा फितूर झाला तेव्हा

नानांकडे रजा मागायला गेलं की ते मान वर न करता विचारायचे, "किती अक्षरं?"

धुळ्याच्या कोर्टात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात आईला ताप भरला. नानांच्या टेबलाशी उभी राहून मी ताप कधी आला, डॉक्टर काय म्हणाले, घरात दुसरं कोणी कसं नाही, असं सगळं पुराण लावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता हेच फुग्यात बसव." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग त्यांनीच एका चिठोऱ्यावर लिहिलं, 'आईला ताप आहे, दोन दिवस रजा हवी', बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून मोजलं आणि सांगितलं की ही सोळा झाली, एवढ्यात काम होतं, बाकीचं मी उगाच दमले. रजा मात्र त्यांनी तीन दिवसांची मंजूर करून आणली.

अंगठा पेरांवर फिरवायची ही सवय त्यांना सदासर्वकाळ होती. आग्रा रोडनं चालताना दुकानांच्या पाट्या वाचत आणि मोजत जायचे. एका कापडवाल्या शेठना त्यांनी पाटीतली नऊ अक्षरं कशी फुकट गेली आहेत ते भर गिऱ्हाइकांत पटवून दिलं होतं. घरी काकू म्हणायच्या, "ह्यांच्याशी भांडायचं तर आधी मोजून ठेवावं लागतं. मधेच थांबवतात आणि म्हणतात, हे मघाशी झालं." काळा कोट, तो उन्हानं तपकिरी झालेला, वरच्या खिशात तीन पेन्सिली, आणि बोलणं इतकं स्वच्छ की ऑफिसात निम्मे लोक त्यांना पुण्याकडचे समजायचे. नानांनी हा समज कधी दुरुस्त केला नाही.

ते भाषांतरकार होते. खेड्यातला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून अहिराणीत बोलायचा. कारकून ते शुद्ध मराठीत उतरवायचा. वरच्या कोर्टात अपील गेलं की नाना त्याचं इंग्रजी करायचे आणि ते मी टाइप करायची. साक्षीदार बिचारा म्हणालेला असायचा, 'माले काय दिसनं नही भो, अंधारं व्हतं', आणि मुंबईला पोचेपर्यंत त्याचा बॅरिस्टर झालेला असायचा. मी हसायची. नाना हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "तीन वेळा धुतलं की रंग जाणारच. आपण कापड फाटणार नाही एवढं बघायचं."

फुग्याची भानगड मला आठवडाभरात समजली. मुंबईची एक प्रकाशन संस्था परदेशातली एक चित्रकथा मराठीत काढायची, महिन्याला एक अंक. लाल अंगरखा, डोळ्यांवर मुखवटा, आकाशातून उडत येऊन बुडती जहाजं उचलणारा नायक. 'वायुवीर' हे त्याचं मराठी नाव नानांनीच ठेवलेलं. दर महिन्याला रजिस्टर पोस्टानं इंग्रजी पानं यायची. चित्रातल्या माणसांच्या तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक फुग्यावर तांबड्या पेन्सिलीनं नंबर घातलेला असायचा आणि शेजारी त्यात किती अक्षरं मावतील तो आकडा. नाना मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की रुमालानं हात पुसून ही पानं उघडायचे. साहेबांची परवानगी काढून तो कागद त्यांनी फायलीला लावून ठेवला होता. इंग्रजीत माणसं थोडक्यात ओरडतात आणि मराठीत ओरडायला जागा लागते, ही त्यांची कायमची तक्रार. लिहून झालं की मी ते मराठी मशीनवर उतरवून द्यायची. मला ते काम आवडायचं, कारण दिवसभर मारामारीचे आणि बांधाच्या वादाचे कागद टाइप केल्यावर उडणारा माणूस बरा वाटायचा.

वायुवीर समुद्रकाठच्या एका मनोऱ्यात राहायचा आणि त्या मनोऱ्याची देखभाल एक म्हातारा नोकर करायचा. सुरुवातीच्या अंकांत तो जेमतेम 'होय सरकार' एवढंच म्हणायचा. मी लागल्यावर पाच-सहा महिन्यांनी नानांनी अचानक त्याचं नाव ठेवलं चिंधाबा आणि त्याच्या तोंडी अहिराणी घातली. चित्रात हा माणूस पक्का साहेबी. टक्कल, गळ्यात बो, हातात चहाचा ट्रे. वायुवीर राक्षसाशी झुंजून फाटक्या अंगरख्यानं परत यायचा आणि बो बांधलेला चिंधाबा म्हणायचा, "उना का रे भाऊ? हातपाय धोय, भाकर खाय, मंग सांग काय व्हयनं ते."

प्रकाशकांचं आधी नाराजीचं पत्र आलं. मग वाचकांची पत्रं यायला लागली आणि ते गप्प झाले. पहूरच्या एका वाचकानं लिहिलं की चिंधाबा आमच्या गल्लीतच राहतो, मनोऱ्यावर फक्त नोकरीला जातो. नानांच्या तावडीत सापडलेले ते कापडवाले शेठ गिऱ्हाइकानं घाई केली की चिंधाबासारखं म्हणायचे, "घाई नको करू रे भाऊ, जग काय पळी जास नही." त्यांच्या मारवाडी तोंडात ते वाक्य फार गोड वाटायचं. पोरासोरांना वायुवीरच्या मुठी आवडायच्या, पण मोठी माणसं अंक घ्यायची ती चिंधाबासाठी.

मला मात्र एक कोडं पडलं होतं. नाना ऑफिसात अहिराणीचा एक शब्द उच्चारायचे नाहीत. मग ही बोली, तीही इतकी घरातली, त्यांच्याकडे आली कुठून? मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साक्षीदारांकडून." मी धुळ्यातच वाढलेली, माझ्या आईच्या तोंडात हीच बोली. साक्षीदार घाबरलेला असतो, तो असा बोलत नाही, हे मला कळत होतं. पण वरिष्ठांशी वाद कोण घालणार.

चिंधाबा बोलायला लागला त्याच्या महिनाभर आधीची एक गोष्ट आहे. ती मला तेव्हा गोष्ट वाटलीच नव्हती.

थंडीचे दिवस होते. नवे शिरस्तेदार रुजू झाले होते आणि कोर्टाच्या व्हरांड्यात नाना त्यांना दोन वकिलांची ओळख करून देत होते. मी कागद घेऊन मागे उभी. तेवढ्यात धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पिशवी असा एक उंच म्हातारा पायऱ्या चढून आला आणि सरळ नानांपुढे उभा राहिला. पिशवीतून भरताची हिरवी वांगी डोकावत होती. "काय रे, बरं शे ना?" असं तो एकेरीत म्हणाला. शिरस्तेदारांनी भुवया वर करून विचारलं, "हे कोण?"

नानांनी शिरस्तेदारांकडे बघितलं. मग म्हणाले, "आमच्या मळ्यातला जुना गडी. वांगी घेऊन आलाय."

म्हातारा नानांकडे बघत राहिला. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यावा इतकाच. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, शिरस्तेदारांना हात जोडले आणि म्हणाला, "हा साहेब. मयामा काम करस मी." मळ्यात काम करतो, एवढंच. शिरस्तेदार मान हलवून आत गेले. मी शिपायाला सांगितलं, या बाबाला पाणी दे. शिपायानं गड्याला द्यायचं तसं दिलं, वरून ओंजळीत. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखं मला काही दिसलंच नाही.

पुढे वर्षभरानं कधीतरी टाइप केलेली पानं द्यायला मी रविवारी सकाळी नानांच्या घरी गेले. घर गल्ली नंबर सहामध्ये. ओसरीवर खाटेवर तोच म्हातारा बसलेला, अंगावर शाल, समोर पाण्याचा तांब्या. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे आमचे थोरले. आबा. छातीच्या दुखण्यानं इकडे आणलेत, आता इथेच राहायचे." मी आबांकडे बघितलं आणि मग दारात उभ्या राहिलेल्या नानांकडे. नाक एक, कपाळ एक, कानांची ठेवण एक. व्हरांड्यात मला ते दिसलं कसं नाही, देव जाणे.

मी वाकून नमस्कार केला. आबा म्हणाले, "वळखं व माय. तू पानी देवाडं व्हतं माले."

ते टोमणा मारत नव्हते. खरोखरच मला ओळखल्याचा त्यांना आनंद झाला होता, आणि म्हणूनच मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आबांची हकीकत मला काकूंकडून कळली. वडील लवकर गेले. आबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, नाना पाळण्यात. आबांनी शाळेचं तोंड बघितलं नाही, पण धाकट्याला धुळ्याला शिकायला ठेवलं आणि दर आठवड्याला डोक्यावर पिठाची नि डाळीची गाठोडी घेऊन चालत यायचे. नानांची मॅट्रिक होईपर्यंत लग्न करायचं नाही म्हणाले, मग बी.ए. होईपर्यंत, मग नोकरी लागेपर्यंत. नोकरी लागली तेव्हा आबांना मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. ते राहूनच गेलं. काकू हे सांगत होत्या तेव्हा नाना आत जाऊन नळाखाली उगाच हात धूत होते.

तर चिंधाबाची बोली ही आबांची होती. शब्द न् शब्द. नवा अंक आला की रविवारी सकाळी नाना खाटेशेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवायचे. आबांना अक्षर येत नव्हतं, पण चित्रं ते फार बारकाईनं बघायचे. चिंधाबाचा फुगा आला की नानांचा आवाज बदलायचा. एरवी ते घरातही, निदान माझ्यासमोर, शुद्धच बोलायचे. अहिराणी त्यांच्या तोंडून मी ऐकली ती या वाचनात, चिंधाबाच्या नावावर. आबा हसायचे, हसता हसता खोकायचे आणि म्हणायचे, "हाई मी बोलनू व्हतू. आठवस का रे?" गावाकडून कोणी भेटायला आलं तर त्याला अंक दाखवून सांगायचे, "मन्हा भाऊनी माले पुस्तकमा घाली दिनं."

व्हरांड्यातल्या त्या एका वाक्याची भरपाई नाना दर महिन्याला करत होते, हे मला उमगलं. आबांना आनंदही होत होता, त्यात खोट नव्हती. पण मला एक खटकायचं आणि माझी जीभ पहिल्यापासून जरा लांबच. एकदा मधल्या सुट्टीत मी विचारलं, "नाना, नोकरालाच का दिली ही बोली? वायुवीरला द्यायची."

"वायुवीर अहिराणी बोलला तर लोक हसतील," नाना सहज म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. नाटकात, तमाशात, पुस्तकात गड्याच्या तोंडी खेड्यातली बोली घालायची ही आपली सगळ्यांचीच रीत. ते त्या रीतीनं गेले होते. भावाला एकदा गडी म्हटलं म्हणून मनातून जळत राहिलेल्या माणसानं प्रायश्चित्त म्हणून त्याला पुन्हा गडीच केलं, आणि ते इतक्या दिवसांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पुढचं पान उलटलं नाही. पण तोवर चिंधाबा धुळे-जळगावात घरोघर पोचला होता आणि आबा दर महिन्याला त्याची वाट बघत होते. मागे फिरायला जागा नव्हती.

मग तिकडे परदेशात ती मालिका लिहिणारा माणूस बदलला.

आम्हाला हे नंतर समजलं. आधी जाणवलं ते एवढंच की वायुवीर पहिल्यासारखा राहिला नाही. जहाजं उचलायची सोडून तो मनोऱ्याच्या कठड्यावर बसून विचार करायला लागला. चित्रांत सावल्या वाढल्या. जुने मित्र संशयानं बघायला लागले. नाना म्हणायचे, "याला काय झालंय? चांगला उडत होता." दोन महिने असे गेले आणि तिसऱ्या महिन्यात जी पानं आली ती उघडल्यावर नाना बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. मी पानं ओढून घेतली.

चिंधाबा फितूर निघाला होता. गेली कित्येक वर्षं तोच शत्रूला बातम्या देत होता. या अंकात तो मनोऱ्याचा नकाशा शत्रूच्या हातात देतो, वायुवीर त्याला पकडतो, आणि म्हातारा गुडघ्यांवर बसून रडत कबूल करतो की हो, मीच तो. कबुलीचे अकरा फुगे होते. नव्या लेखकाला धक्का द्यायचा होता, त्यानं तो दिला. धुळ्यात कोणाच्या घरी खाटेवर बसलेल्या माणसाला तो बसेल हे त्याला कुठून ठाऊक असणार.

"हे मी त्यांच्या तोंडी कसं घालू?" नाना म्हणाले. चिंधाबाच्या तोंडी असं ते म्हणाले नाहीत.

मी सुचवलं की या अंकापुरती बोली काढून टाका, साध्या मराठीत कबुली द्या. ते म्हणाले, आबा विचारतील, याची बोली कुठे गेली. मग मी म्हटलं, आबांना वाचून दाखवताना बदला, छापा तसंच. त्यावर ते म्हणाले, "गावाकडची माणसं येतात. त्यांच्यातल्या कोणाला तरी वाचता येतं." सगळ्या वाटा त्यांनी आधीच चालून बघितल्या होत्या. आबांची तब्येत तेव्हा उतरत चालली होती, महिन्यातला एक रविवार सोडला तर ते फारसं बोलतही नव्हते.

शेवटी नानांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ज्या माणसानं खुनाच्या खटल्यात साक्षीदाराचा एक 'बहुतेक' गाळला नव्हता, त्यानं अख्खी गोष्ट फिरवली. त्यांच्या मराठीत चिंधाबानं शत्रूला मुद्दाम चुकीचा नकाशा दिला. मग चित्रांची अडचण आली. चिंधाबा गुडघ्यांवर का बसलाय? नानांनी लिहिलं, 'चष्मा पडना रे भाऊ, सापडस नही.' वायुवीरचा चेहरा संतापानं वाकडा झालेला, त्याचं काय करायचं? त्याच्या फुग्यात लिहिलं, 'चिंधाबा, कालपासून माझी दाढ दुखत आहे.' मी टाइप करता करता हसत सुटले आणि मग नानांकडे बघितलं. त्यांचा अंगठा पेरांवरून फिरत होता, पण ओठ हलत नव्हते. मी हसणं थांबवलं आणि उरलेलं पान उतरवलं. त्या खोट्यात माझाही हात आहे आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

अंक छापून आला त्या रविवारी मी मुद्दाम गेले. नानांनी वाचून दाखवलं, नेहमीपेक्षा भरभर. आबांनी सगळं ऐकलं. मग अंक हातात घेतला आणि ते गुडघ्यांवर बसलेलं चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"पन चित्रमा तो रडी ऱ्हायना ना रे," आबा म्हणाले.

"कांदा कापत होता, आबा," नाना म्हणाले.

आबांनी नानांकडे बघितलं. ती नजर मी एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात बघितली होती. "हा," ते म्हणाले. "कांदा व्हई." आणि अंक घडी करून उशाशी ठेवून दिला.

त्यानंतर माझं लग्न झालं. सासर जळगावचं, बदलीही तिकडेच करून घेतली. दरम्यान प्रकाशकांकडे तक्रारी गेल्या. मुंबईत इंग्रजी अंक वाचणारे पुष्कळ, त्यांनी दाढदुखी पकडली. नानांना पत्र आलं. पत्र सभ्य होतं. इतक्या वर्षांच्या कामाबद्दल आभार मानले होते आणि यापुढे भाषांतर मुंबईतच होईल असं कळवलं होतं. नानांना घरी अंक येणं बंद झालं. काकूंनी मला चिठ्ठी पाठवली की आबा रोज विचारतात, पुढला अंक उना का, आणि हे आज येईल, उद्या येईल म्हणतात.

जळगाव मोठ्या लाइनवरचं स्टेशन, मुंबईची मासिकं धुळ्याच्या आधी तिथे पोचायची. स्टेशनवरच्या स्टॉलमधून मी नवा अंक घेतला आणि त्याच शनिवारी माहेरी जायला एस.टी.त बसले. एरंडोल येईस्तोवर वाचून संपला. पहिल्याच पानावर चौकट होती. मागील एका अंकात काही मजकूर चुकीचा छापला गेला, मनोऱ्याचा नोकर हा फितूरच होता, वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी. आणि आत चिंधाबा शुद्ध मराठी बोलत होता. नव्या भाषांतरकाराला आमची बोली येत नसणार, त्याचा काही दोष नाही. पारोळ्याला बस थांबली तेव्हा अंक खिडकीतून टाकून द्यावा असं माझ्या मनात आलं होतं.

रविवारी सकाळी नानांनी मला दारातच गाठलं. अंक उभ्या उभ्या चाळला आणि माझ्या हातात परत दिला. "तू वाच. माझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले. मी हळूच विचारलं की मधलं गाळू का. ते म्हणाले, "नको. एकदा खोटं सांगितलं, तेही त्यांनी पोटात घातलं. आता आहे तसं वाच."

आबा वाळून निम्मे झाले होते. मी आल्याचं बघून काकूंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. मी चौकटीसकट सगळं वाचलं. नाना उंबऱ्यात उभे होते. चिंधाबाची कबुली आली. 'होय सरकार, मीच अपराधी आहे. मी आपल्या विश्वासाला पात्र ठरलो नाही.' आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"हाऊ कोन शे व माय?"

"चिंधाबा," मी म्हटलं.

"नही. चिंधाबा असा नही बोलस." त्यांनी थोडा विचार केला. मग उंबऱ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, जणू काही एखादी खूण पटावी तसं म्हणाले, "आते तो तुन्हामायक बोलस."

आता तो तुझ्यासारखा बोलतो, एवढंच. नानांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला. आबांना त्यातून काय म्हणायचं होतं, की काहीच म्हणायचं नव्हतं, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. आजारी माणूस कानाला जे पटलं ते बोलून गेला असेल. पण त्या ओसरीवर आम्ही तिघंही होतो, व्हरांड्यातही आम्ही तिघं होतो, आणि आमच्यातलं कोणीच ते विसरलेलं नव्हतं.

मी पुढचं वाचायला घाबरले. आबाच म्हणाले, "वाच ना. मंग त्यानी काय कया? घरमाईन काढी दिना का त्याले?"

"हो, आबा. हाकलून दिलं."

आबांनी मान हलवली. "काढाले नको व्हतं," ते म्हणाले. "घरना मानूस शे तो. घरना मानूस चुकस."

नाना दोन पावलं पुढे आले. मला वाटलं, आता बोलतील. काकूसुद्धा हातातलं भांडं घेऊन तशाच थांबल्या होत्या. नाना खाटेशी वाकले, आबांची शाल सारखी केली आणि म्हणाले, "आबा, औषधाची वेळ झाली."

"हा," आबा म्हणाले. "दे."

दुसऱ्या आठवड्यात आबा गेले. मला दहाव्याच्या आदल्या दिवशी कळलं. मी पोचले तेव्हा नाना बाहेर निघतच होते. नगरपालिकेत जाऊन मृत्यूची नोंद करायची राहिली होती, म्हणाले, चल माझ्याबरोबर, मला एकट्याला जावंसं वाटत नाही. कोट घातला नव्हता, नुसता सदरा, डोकं भादरलेलं. आग्रा रोडवरच्या ओळखीच्या दोघा-चौघांनी नमस्कार केला तोही त्यांना दिसला नाही.

खिडकीपुढे सात-आठ माणसं होती. आमचा नंबर आला. आतल्या कारकुनानं नाव, गाव, वय विचारलं, नानांनी सांगितलं, त्यानं ते लिहून घेतलं. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "मयताचे तुम्ही कोण?"

नानांनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. "मना मोठा भाऊ व्हता तो," ते म्हणाले. "मी धाकला. सख्खा."

आवाज इतका मोठा होता की आत दुसऱ्या टेबलावरच्या माणसानंही वळून बघितलं. कारकून म्हणाला, ठीक आहे, ऐकू आलं, आणि रकान्यात 'भाऊ' असं लिहून त्यानं शिक्का शोधायला घेतला. नाना तिथून हलले नाहीत. ते मागे वळले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला, डोक्याला मुंडासं बांधलेल्या कोणा खेडुताला म्हणाले, "मना मोठा भाऊ व्हता." त्यानं काही विचारलं नव्हतं. त्यानं मान हलवली. मग नानांनी त्याच्या मागच्याला सांगितलं.